पांढऱ्या पायाचा अंकुश

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढं हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही, कारण देवापुढं उभा राहिलो की मी दुसरंच काहीतरी मागत बसतो. तुमी कोण, कुठले, मला माहीत नाही. म्हणूनच कदाचित सांगता येईल. ओळखीच्या माणसाला सांगायला गेलं की तो मधीच म्हणणार, जाऊ दे दिगंबर, लई वर्षं झाली आता. आणि ते मला ऐकायचं नाही. म्हणजे — ऐकायचंय का? तेच तर मला अजून कळत नाही.

आमच्या गावात वेशीजवळ अंकुशचा पुतळा आहे, छातीपर्यंतचा. दरवर्षी त्याच्या दिवसाला शाळेची पोरं रांगेत उभी करतात, सरपंच हार घालतो आणि मग माईक माझ्या हातात देतात. 'शहीद अंकुशचे जिवलग मित्र दिगंबरराव.' मी बोलतो. चांगलं बोलतो, खोटं कशाला सांगू. मी सांगतो की अंकुश विहिरीत सुरुंग पेटवायचा, पण बेडूक दिसला की बोंबलत पळायचा. पोरं हसतात. मग सांगतो की विहिरीत उतरायच्या आधी तो खिशातला कंगवा काढून भांग पाडायचा, आणि आमी म्हणायचो, 'खाली कोण बघणारंय बे तुला?' बायका पदर डोळ्याला लावतात. माझेही डोळे भरून येतात, आणि ते नाटक नसतं. मग मी खाली उतरतो, आणि गयामावशी — अंकुशची आई — पुढं येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवते आणि दृष्ट काढल्यासारखी आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडते. तेवढं मला सोसत नाही. दरवर्षी ठरवतो, यंदा जायचं नाही. दरवर्षी जातो.

आता सांगतो. पण सरळ सांगायचं म्हणलं तर कुठून सुरू करू? खुंटीपासून, का त्या एका वाक्यापासून? का त्याच्याही आधीपासून, जेव्हा आमी दोघं एका टोपलीतल्या भाकरी खायचो?

तिथूनच करतो.

आमची विहिरी खोदायची टोळी होती. दसरा झाला की आमचं निम्मं गाव कोयते घेऊन ऊस तोडायला जायचं, कोण माजलगावला, कोण कड्याला, कोण पार कर्नाटकात. अंकुशचा बाप असाच गेलता आणि तिकडंच उसाच्या फडात त्याला पान लागलं. साप चावला असं आपल्यात म्हणत नाहीत. अंकुश तेव्हा रांगत होता. गयामावशीनं मग शपथ घेतली की लेकराच्या हातात कोयता द्यायचा नाही. तिनं शेळ्या राखल्या, लोकांच्या मेंढरामागं फिरली, आणि पोरगं हाताशी आल्यावर माझ्या चुलत्याकडं आणून उभं केलं. आमी चुलत्याला आबा म्हणतो. आबाची क्रेन होती. मावशी म्हणली, 'आबा, ह्याला जमिनीच्या आत धाडा, पर उसात नगं.'

काम असं असायचं. अंकुश खाली. खडकात होल मारायचे, त्यात सुरुंगाचे तोटे भरायचे, वाती पेटवायच्या आणि क्रेनच्या डब्यात उडी टाकून हाळी द्यायची. मी वर, क्रेनच्या दांड्यावर. हाळी आली की मी त्याला वर ओढायचो. मग आमी दोघं बांधाआड पळायचो आणि मागं धाडधाड बार उडायचे. म्हणजे बघा, वात पेटलेली असताना त्याचा जीव माझ्या हातात असायचा. एकदाही त्यानं वर बघून खात्री केली नाही की मी दांड्यावर आहे का नाही. मी खाली कधी उतरलो नाही. भ्यायचो. टोळीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं आणि अंकुश त्यावरून मला कधी बोलला नाही. उलट कुणी बोलायला लागलं तर म्हणायचा, 'दिग्या वर हाय म्हणून मी खाली हाय.'

आणि पाणी लागलं की मान कुणाचा? खालच्याचा. शेतमालक पहिलं कुंकू त्याला लावायचा, टॉवेल-टोपी त्याला द्यायचा. अंकुश ती टोपी माझ्या डोक्यावर ठेवायचा. मला ते आवडायचं नाही. का आवडायचं नाही? माणसानं आपल्या वाटणीचं दिलं तर राग कावून यावा? पण यायचा. त्या रागामुळं मी पुढचं केलं का? छातीवर हात ठेवून सांगतो, मला माहीत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात लिंबागणेशच्या अलीकडं एका अण्णांची विहीर धरली होती. मोठा माणूस, चार गावांत शब्द चालायचा. अण्णा घरी नसताना पाणाड्यानं एकट्यानंच तळहातावर नारळ धरून रान पालथं घातलं होतं आणि जिथं नारळ उभा राहिला तिथं खुंटी ठोकून, दगडाला कुंकू लावून गेला होता. आता ह्या पाणाड्यांच्या नारळावर तुमचा विश्वास असेल-नसेल. माझा तेव्हा होता. म्हणजे असायला पाहिजे होता. धंदाच तो होता आमचा.

आबा कड्याला लग्नाला गेलता. मला म्हणला, तू क्रेन घेऊन फुडं हो आणि खुंटीवर बसवून ठेव, सकाळी अंकुश येईल. मी गेलो. बघतो तर खुंटी बांधाला लागून, उताराला, एका जुन्या बाभळीच्या बुडाशी. क्रेन तिथं बसायची कशी? बाभूळ तोडा, मुळ्या काढा, दगड टाकून जागा सपाट करा, आणि डोक्यावर ऊन असं की पाण्याचा घोटसुद्धा चहासारखा लागायचा. माझ्या जिवावर आलं. दहा-पंधरा पावलांवर वरच्या अंगाला कशी छान सपाट मुरमाड जागा होती. रानात चिटपाखरू नव्हतं.

मी खुंटी उपटली आणि वर नेऊन ठोकली. कुंकवाचा दगडसुद्धा उचलून नेला.

त्यावेळी मला ते पाप वगैरे काही वाटलं नाही. खरं सांगतो, जेवून झाडाखाली झोपलो. जमिनीच्या पोटात पाणी काय दहा पावलांनी रुसून बसतंय का, असं वाटलं. आणि आजही मला वाटतं की नारळ हे सगळं थोतांड आहे. मग मी काय केलं? काहीच केलं नाही म्हणायचं. थोतांडाची खुंटी इथली तिथं नेली. त्यात कुणाचं काय गेलं? बघा, असं मी स्वतःला कित्येकदा समजावलंय. समजतं. आणि पुन्हा समजत नाही.

विहीर खोदत गेलो. मुरूम संपला, खाली काळा पाषाण लागला. अंकुश खाली राबत होता. हाताचे फोड फुटून त्याला चिंध्या बांधल्या होत्या. खडक फुटत नव्हता आणि ओल म्हणून दिसत नव्हती. त्याच्या आधीच्या आमच्या विहिरीलाही पाणी बेताचंच लागलं होतं. दुष्काळच होता, लागणार कुठून? पण शेवटी अण्णांचा संयम संपला. एका दुपारी ते पाणाड्याला धरून घेऊन आले. चार माणसं काठावर उभी राहिली. आबा हात जोडून उभा. आणि अण्णा पाणाड्याला विचारायला लागले, 'नारळ कुठं उभा राहिलता सांग, खुंटी कुठं ठोकलीस सांग.'

पाणाड्या म्हातारा, डोळ्यांत मोतीबिंदू. तो म्हणला, 'इथंच म्हणायची.' मग डोळे बारीक करून त्यानं रानावरून नजर फिरवली, आणि ती फिरत फिरत बाभळीकडं गेली. तो म्हणला, 'पर एक झाड व्हतं बगा शेजारी...'

 खुंटी हलवली हे कळलं असतं तर आबानं मला तिथंच बुटानं हाणलं असतं, टोळी बुडाली असती, चार गावांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. हे सगळं मला एका दमात दिसलं. अंकुश तेव्हा खालीच होता, दगड गोळा करत. आणि मी बोललो.

म्हणतात ना, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणलो, 'अण्णा, खुंटीचं सोडा. खाली उतरणाऱ्याचा पाय कसा हाय, तेबी बघावं लागतंय की.'

बस. एवढंच. अंकुशचं नावसुद्धा घेतलं नाही. पण खाली उतरणारा दुसरा होता कोण?  मग कुणीतरी हळूच म्हणलं, गयाबाईचा ना तो? आणि दुसरा म्हणला, हां, रांगता असतानाच बाप खाल्ला त्यानं. पाणाड्याची नजर बाभळीवरून जी परत आली ती आलीच. त्याच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. तो म्हणला, 'पांढऱ्या पायाच्या माणसापुढं नारळ काय करील?' वड्याचं तेल वांग्यावर — आणि सगळ्यांना ते बरं वाटलं. अण्णांनासुद्धा. राग काढायला माणूस सापडला की जीव शांत होतो बघा.

तो 'पाय' माझ्या तोंडी आलाच कसा, हेही सांगतो. मी काही नवीन शोधला नव्हता. अंकुशचा बाप गेला तेव्हापासून बायका नळावर, ओट्यावर गयामावशीला पांढऱ्या पायाची म्हणायच्या. माझी आईसुद्धा म्हणायची. लहानपणापासून माझ्या कानात तो पडलेला होता. मला माहीत होतं की त्या घरावर तो कसा बरोबर बसतो. हे आठवलं की मला माझीच किळस येते. कारण घाबरून माणूस काहीही बोलतो हे खरं, पण मी काहीही बोललो नव्हतो. अगदी नेमकं बोललो होतो.

आणि आता ती गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त कुरतडते. विहिरीत वरचं बोलणं खाली ऐकू जातं. क्रेनवर काम केलेल्या माणसाला विचारा. काठावर कुणी खोकललं तरी खाली घुमतं. मग त्यानं ऐकलं का? काठावरची माणसं पांगली, त्यानं खालून हाळी दिली आणि मी त्याला वर ओढला, त्याच हातानं. डब्यातून उतरला, तोंड धुळीनं पांढरंफटक. मी त्याच्याकडं बघत होतो. त्यानं नुसतं म्हणलं, 'पाणी आण बे.' मी तांब्या आणून दिला. तो प्यायला. काहीच कळलं नाही. आजतागायत कळलेलं नाही.

पुढचं तुमच्या ध्यानात आलंच असेल. असल्या गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. पुढच्या गावात विहीर धरायला गेलो तर मालकानं आधी विचारलं, तो पोरगा तुमच्यासंगं हाय का? एकानं तर अंकुश बांधावर आल्यावर पोराला सांगून मागं गोमूत्र शिंपडलं. अंकुशनं ते बघितलं आणि चप्पल काढून हातात घेतली, का कुणास ठाऊक. आबानं त्याला महिनाभर वरची कामं दिली — दगड उचल, डिझेल आण. मग आबासुद्धा म्हणला, 'बाबा, तुझ्यावर माझा राग न्हाई, पर लोकांपुढं इलाज न्हाई.' त्याची सोयरीक ठरत आली होती, तीही मोडली. पोरीच्या बापानं निरोप पाठवला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी बघितलीच नव्हती.

त्यावेळी मी एक शब्द बोललो असतो तर? मी रोज तोंड उघडायचो. खरंच. सकाळी उठलो की वाटायचं, आज आबाला सांगावं की खुंटी मी हलवली. दुपारपर्यंत वाटायचं, आता सांगून काय, लोक म्हणतील खुंटी हलवली ती हलवली आणि पायही पांढराच. संध्याकाळी वाटायचं, आठ-पंधरा दिवसांत लोक विसरतील. लोक विसरले नाहीत. मीच एकेक दिवस पुढं ढकलत राहिलो.

मग मिल्ट्रीची भरती निघाली. आणि अंकुशच्या कानावर ती कुणी घातली? मी. 'जा बे, छाती हाय, दम हाय, इथं काय ठेवलंय?' मी त्याच्या भल्यासाठी म्हणलो का तो डोळ्यांपुढून जावा म्हणून? दोन्ही खरं असू शकतं का? त्याला एसटीत बसवायला मीच गेलतो. गाडी सुटताना तो खिडकीतून म्हणला, 'दिग्या, सगळ्या गावानं म्हणलं. तू एकट्यानं माझ्या तोंडावर कधी म्हणला न्हाईस.' आणि हसला. मी हात हलवला. ते आभार होते, का दुसरं काही? 'तोंडावर' ह्या शब्दावर त्यानं जोर दिला होता का? की मलाच तसं ऐकू आलं? एवढी वर्षं मी ते वाक्य तोंडात घोळवतोय आणि त्याची चव रोज बदलते.

तो भरती झाला. सुरुंगाचं काम येतं म्हणल्यावर त्यांनी त्याला रस्ते-पूल करणाऱ्या, खडक फोडणाऱ्या पलटणीत घेतला. एकदाच सुट्टीवर आला. काय दिसायचा! अंगाला कपडा बसलेला, केस बारीक, कंगव्याचं काम संपलेलं. ज्यांनी गोमूत्र शिंपडलं त्यांनीच चहाला बोलावलं. आमी दोघं त्या अण्णांच्या रानावरून गेलो. विहीर तशीच अर्धवट पडली होती, आत कबुतरं. अण्णा स्वतः पळत आले, 'या या जवान' करत. मला कसंनुसं झालं. अंकुश बिनधास्त बांध ओलांडून रानात गेला. मी म्हणलो, 'आता कुणी काय म्हणत न्हाई बघ.' तो म्हणला, 'बूट हायेत ना आता. पाय कुठं दिसत्यात?'

मग तो चालत चालत बाभळीपाशी गेला आणि तिच्या सावलीत बसला. मुद्दाम गेला का? का नुसती सावली होती म्हणून? त्या रानात दुसरं झाडच नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसलो. ती माझी वेळ होती. असं कुणी आपल्यापुढं आयतं आणून ठेवत नाही. जागा तीच, माणूस तोच, मधी कुणी नाही. मी त्याला विचारलं, 'तिकडं जेवायला काय असतं?' त्यानं सांगितलं. मग उठलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वर काश्मीरच्या डोंगरांत लढाई पेटली. आमी रेडिओला कान लावून बसायचो. गयामावशी शेळ्या सोडून पारावर येऊन बसायची. तिला हिंदी कळायची नाही, ती आमच्या तोंडाकडं बघून अंदाज घ्यायची. मी तिला दर वेळेला म्हणायचो, सगळं ठीक आहे मावशे. एक दिवस रेडिओवर काहीच नव्हतं आणि जीप आली.

त्याच्या पेटीबरोबर आलेला एक जवान होता, साताऱ्याकडचा. शाळेच्या भिंतीमागं त्यानं मला सांगितलं. डोंगराच्या उतारावर समोरच्यांनी सुरुंग पेरून ठेवले होते. अंकुशची टोळी पुढं जायची, वाट मोकळी करायची आणि खुणा लावत जायची, म्हणजे मागच्यांनी त्या खुणांवरूनच पाय टाकायचे. त्यानं लावलेल्या खुणांवरून मागची सगळी पोरं वर गेली, एकालाही काही झालं नाही. तो जवान 'निशाण' म्हणाला होता. मी खुंट्या ऐकल्या. परत येताना घसरण झाली आणि अंकुशचा पाय वाटेच्या बाहेर पडला. जवान म्हणला, 'भाऊ, पेटी उघडू देऊ नका. कमरेखाली काही नाही.'

तुमाला आपली रीत माहीत आहे. मयताच्या पाया पडतात. सगळं गाव रांगेनं आलं, आजूबाजूची गावं आली. पेटीवर झेंडा. ज्यांनी त्याचा पाय रानात पडू दिला नाही ते सगळे एकेक करून पेटीच्या पायथ्याला डोकं टेकत होते. पाणाड्या आला, कुणीतरी हाताला धरून आणला होता. अण्णा आले आणि हमसून हमसून रडले. खोटं नव्हतं ते रडणं, मला ओळखता येतं. आणि गयामावशी त्या पेटीच्या पायथ्याशीच बसली होती. लाकडावरून हात फिरवत होती, जसं लहान पोराचं अंग चोळतात तसं, आणि म्हणत होती, 'दमलं असंल, लई चाललं असंल माझं लेकरू.' मला एकट्याला माहीत होतं की तिच्या हाताखाली काय आहे आणि काय नाही. माझी पाळी आली. मीही डोकं टेकवलं. त्या रिकाम्या जागेवर.

आता तुमी म्हणाल, लढाईत मेला तो. तुझा काय संबंध? कावळा बसायला आणि फांदी मोडायला. असं मी स्वतःला म्हणतो. मी बोललो नसतो तरी तो विहिरीत मेला असता, सुरुंग काय कमी धोक्याचा असतो? आणि मग त्याचा पुतळा झाला नसता, शाळेला नाव दिलं नसतं, मावशीला पेन्शन मिळाली नसती. मग मी त्याचं चांगलं केलं का? कधी कधी भाषण करताना मला खरंच तसं वाटतं — आणि मग घरी येऊन जेवण जात नाही. मारलं म्हणावं तर मारलं नाही. नाही मारलं म्हणावं तर तो इथं नाही. लोकांनी विश्वास ठेवला, चूक त्यांची. पण त्यांना काय विश्वास ठेवायचा ते मी दिलं. हा हिशेब मला लागत नाही.

गाव मात्र पार पालटलं. आता कुणी विहीर धरली की आधी अंकुशच्या पुतळ्यापुढची चिमूटभर माती नेतात. गयामावशीला बोलवायला येतात. वीरमाता, तुमच्या हातचा नारळ पाहिजे, तुमचा पाय रानाला लागू द्या. ती कधी जात नाही. नारळावरून हात फिरवून देते आणि म्हणते, घेऊन जा बाबा. लोक म्हणतात, काय साधी माउली आहे, मानाची हाव नाही. मीही भाषणात तसंच म्हणायचो.

ह्या उन्हाळ्यात माझ्या पोरानं आमच्या रानात विहीर धरली. आता क्रेन नाही, पोकलेन असते. मी मावशीला बोलवायला गेलो. ती नको म्हणली. मी हट्ट धरला. 'मी अंकुशच्या जागी हाय ना मावशे? मग मला नगं म्हणू नको.' हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, माझं मलाच कळत नाही. ती आली. काठी टेकत टेकत बांधापर्यंत आली आणि तिथं थांबली. चप्पल काढली. मला वाटलं, पूजेसाठी काढली. पण ती पुढं येईना. पोकलेन सुरू झाली, सगळे तिकडं गेले. मी मागं आलो आणि म्हणलो, चल की, कावून थांबली?

ती म्हणली, 'दिगंबरा, तुला म्हणून सांगते. पांढरा पाय त्याचा नव्हता रं. तो माझा व्हता. त्याचा बाप गेला तव्हाच मला लोकांनी सांगितलंतं. माझ्या पोटातून गेला त्याच्यात. मी त्याला जन्म दिला, तिथंच चुकले.'

मी म्हणलो, असं काही नसतं मावशे. ती म्हणली, 'आसतं. अंकुश गेला तव्हापासून मी कुणाच्या रानात पाय घातला न्हाई. भाचीच्या बाळंतपणाला गेले न्हाई. कुणाच्या लग्नात अक्षदा टाकायला मांडवात गेले न्हाई. एकाला खाल्लं, दुसऱ्याला खाल्लं, आता पुरं झालं.' रडत नव्हती ती. भाजीला मीठ किती पडलं हे सांगावं तसं सांगत होती. एवढी वर्षं मला वाटायचं की मी अंकुशचा गुन्हेगार आहे. मेलेल्या माणसाचा. त्यात एक सोय असते, मेलेला माणूस रोज समोर येत नाही. पण ही बाई रोज माझ्या दारावरून शेळ्या घेऊन जात होती, आणि रस्त्याच्या कडेकडेनं चालत होती, कुणाच्या उंबऱ्यावर सावलीसुद्धा पडू नये म्हणून. आणि मी म्हणायचो, काय साधी माउली आहे.

तिथं सांगायचं होतं. बांधावर आमी दोघंच होतो. एक वाक्य होतं — मावशे, पाय तुझा नाही, त्याचा नाही, खुंटी मी हलवली. एवढंच. मी तोंड उघडलं. तिकडून पोरानं हाक मारली, 'बापू, इकडं या!' मी गेलो.

पाणी लागलं. लई लागलं. पोरं चिखलात नाचली. मी मागं बघितलं तर बांधावर मावशी नव्हती. कुणाला न सांगता घरी गेली होती. मी गूळ घेऊन तिच्या घरी गेलो. ती दारात शेळीला पाला टाकत होती. पाणी लागल्याचं सांगितलं तर तिचं तोंड असं फुललं, असं फुललं — अंकुश भरती झाला त्या दिवसानंतर मी तिला तसं बघितलं नव्हतं. तिनं माझ्या हातातला गूळ घेऊन आधी माझ्याच तोंडात घातला. माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली.

म्हणली, 'बरं झालं बाबा, मी तुझ्या रानात पाय घातला न्हाई.'

आणि मी गूळ गिळला आणि म्हणलो, 'हां मावशे.'